मेंढरं बसवलेली टेकडी

आबा,

तुमची टेकडी मागच्या महिन्यात पुन्हा कागदावर आली. कागद मोठा होता, टेबलाच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होता. त्यावर साताऱ्याच्या दुष्काळी बाजूची आणि सांगलीकडच्या विटा-आटपाडीच्या माळावरची कितीतरी गावं रंगवलेली होती. आपली टेकडी पिवळी. पिवळा म्हणजे ‘पडीक, काटेरी झुडपे, साफ करून लागवडीस योग्य’. मी पेन खाली ठेवलं आणि घटाघटा पाणी प्यायले. समोरच्या पोराला वाटलं, मॅडमना ऊन लागलं. शिरवळच्या बाजूला कारखाना असलेल्या एका कंपनीनं झाडं लावायचं मनावर घेतलंय, तिथला हा मुलगा. शिकलेला, नम्र, बूट चकचकीत. आराखडा मी करायचा आणि झाडं त्यांनी लावायची, असं ठरलंय. उजाड टेकड्यांवर जंगल परत कसं आणायचं हे ठरवणं, हेच आता माझं काम आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी पुढं असं काही करीन असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. आई अजूनही म्हणते, बापानं त्या टेकडीपायी जिवाला घोर लावून घेतला, आता लेक घेतीय. म्हणते आणि चहा टाकते.

तो पिवळा रंग बघितल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. खरं तर भांडावंसं वाटतंय, पण गेलेल्या माणसाशी भांडायची सोय नाही.

नव्वद सालानंतरचे ते दिवस. तुम्ही फौजेतून सुभेदार होऊन परत आला होता. मी कॉलेज संपवून घरी बसलेली, स्थळं बघायला येऊन जात होती. गावात बाप्ये कमीच. निम्मे फौजेत, निम्मे गलाईच्या दुकानात सोनं गाळायला परमुलखात. उरल्या बायका, म्हातारे आणि नुकतेच रिटायर झालेले तुम्ही. तुम्हाला बसवत नव्हतं. पहाटे उठून माळावर चकरा मारायच्या आणि येऊन म्हणायचं, ही टेकडी बोडकी बघवत नाही. एका सकाळी आई भाकरी करत होती. तुम्ही चुलीसमोर येऊन उकिडवे बसलात, तिच्या परातीतलं ज्वारीचं पीठ सपाट केलंत आणि त्यात बोटानं रेघा ओढायला लागलात. या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकीला एक समांतर. ‘ही टेकडी. ह्या रांगा. पावसाआधी खड्डं तयार, पाऊस पडला की रोप खड्ड्यात,’ असं तुम्ही मला समजावत होता. आई हात थांबवून बघत राहिली. मग म्हणाली, ‘आवं, त्याची भाकरी व्हायची हाय. तुमचं रान झालं आसंल तर परात सोडा.’ तुम्ही हसलात. पिठातल्या त्या रेघा मला अजून दिसतात. तुमचा पहिला आराखडा आम्ही दुपारी कोरड्यासाबरोबर खाल्ला.

गावाला तुम्ही एका सभेत गुंडाळलंत. सुभेदारांचा शब्द म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? टेकडीवर चराई बंद, कुऱ्हाड बंद, झाडं मोठी होईस्तोवर कुणाचं जनावर वर जाणार नाही. सगळ्यांनी हात वर केले. हात वर करणं सोपं होतं, कारण टेकडी लागत होती ती मुख्यतः एका माणसाला. तात्यांना. धनगरवाड्यावरचे तात्या, तुमचे लहानपणचे जोडीदार, मराठी शाळेत तुमच्या शेजारच्या तरटावर बसणारे. दिवाळी झाली की ते कळप घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. मग चार महिने त्यांची मेंढरं टेकडीवर. रात्री ज्याच्या रानात खत पाहिजे त्याच्या रानात बसायची. आपल्याकडं मेंढरं बसवणं म्हणतात ते हेच, कळप रात्रभर शेतात बसवून लेंड्या-मुताचं खत घेणं. टेकडी बंद म्हणजे तात्यांच्या मेंढरांचं पावसाळ्यातलं पोट बंद. तुम्ही त्यांच्या वाड्यावर जाऊन सांगितलंत. ते बराच वेळ तंबाखू मळत बसले होते. मग म्हणाले, ‘गड्या, तू म्हंतुयास तर न्हाई येत वर.’ एवढंच. पुढच्या बाजाराला त्यांनी निम्मा कळप लोणंदला नेऊन विकला. हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही म्हणाला होता, झाडं झाली की त्याचंच भलं होईल.

मग टेकडी ‘साफ’ झाली. हा शब्द तुमचा. बोराटी, तरवड, घाणेरी, हिवराची खुरटी झुडपं, सगळं तोडलं. तोडलेल्या बोराटीच्या फेसाट्या, म्हणजे काट्यांच्या फांद्या, ओढत आणून टेकडीभोवती काटेरी कुंपण रचलं, का, तर मेंढरं आत येऊ नयेत. फक्त एका जागी काम अडलं. वरच्या अंगाला म्हसोबाचा दगड आहे, त्याच्याभोवतीची बोराटीची जाळी तोडायला बायका तयार होईनात. तुम्ही चिडलात. तेव्हा आई पुढं झाली. चार बायकांसमोर ती तुम्हाला कधी उलट बोलली नव्हती. म्हणाली, ‘म्हसोबाची बोर मी तोडनार न्हाई, आनि तुमी बी हात लावायचा न्हाई.’ तुम्ही रागारागानं पाठ फिरवलीत आणि रांगांकडं आलात. तिथं दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं. तो राग माझ्यावर निघाला. ‘दोरी ढिली सोडलीस. रांग बग कशी गेलीय. उपट त्या खुंट्या.’ मी खुंट्या उपटल्या आणि पुन्हा ठोकल्या. उन्हानं डोकं फुटत होतं आणि तुमचा मला इतका राग आला होता की दोन दिवस मी जेवताना तुमच्याकडं बघितलं नाही.

पण खड्डे झाले. प्रत्येक खड्ड्याच्या कडेला तुम्ही एक दगड ठेवायला लावलात आणि दगडांना चुना फासलात, फौजेच्या कॅम्पात रस्त्याकडेला असतात तसे. रोपवाटिकेतून निलगिरी आणि सुबाभूळ आली. पाऊस बरा झाला. श्रावणात टेकडी हिरवी दिसायला लागली. विट्याहून येणाऱ्या एस.टी.तून माणसं माना वळवून बघत होती आणि तुम्ही फाट्यावरच्या हॉटेलात मुद्दाम खिडकीजवळ बसत होता.

पौषापर्यंत रोपं कोमेजायला लागली. माघात खालच्या रांगा वाळल्या. टेकडीला सावलीचं पान नाही, जमीन उघडी पडलेली, वारं मोकाट. आम्ही बायकांनी कळशीनं पाणी घालून बघितलं, पण पुढं प्यायच्या पाण्यालाच टँकर लागला, मग रोपांना कोण पाणी घालणार. कुंपणाच्या फेसाट्या वाळून कडकडीत झाल्या होत्या, त्या एकेक करून चुलीत गेल्या. आणि ह्या सगळ्यात तुम्ही एक बोललात, चावडीवर, सगळ्यांसमोर. रोपं कुणीतरी खाल्ली, असं कुणी म्हणालं असेल, आणि तुमच्या तोंडून गेलं, ‘तात्याचीच मेंढरं असनार. दुसरं कुनाचं काम न्हाई.’ मग एक म्हातारा म्हणाला, ‘सुभेदार, तात्या कोकनात हाय न्हवं. दिवाळीपास्नं.’ लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. इतकी वर्षं बाहेर राहिल्यावर कुठल्या महिन्यात कोण माणूस कुठं असतो हेच तुम्ही विसरला होता. आपल्या गावाचं सगळ्यात साधं वेळापत्रक, आणि ते सोडून तुम्ही टेकडीचा आराखडा केला होता. कोकणात जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून तो बोल तात्यांपर्यंत पोचला. असले निरोप कधी वाटेत अडत नाहीत.

मेमध्ये गाव उघड उघड म्हणायला लागलं की टेकडी सोडा. बरोबरच होतं त्यांचं. वर वाळक्या काटक्या आणि चुन्याचे दगड, आणि खाली जनावरं दाव्याला. तुम्ही रोज वर जात होता आणि मला ते बघवत नव्हतं. एका सकाळी तुम्ही वरनं मला हाक मारलीत. मी धावत गेले, मला वाटलं पडलात. तुम्ही म्हसोबाजवळ पालथे झोपला होता, डोकं बोराटीच्या जाळीत. काट्यांच्या आत, सावलीला, ओल धरून राहिलेल्या पाचोळ्यात रोपं उभी होती. लिंब, हिवर, बाभळीची दोन पानं. ऐन वैशाखात, कुणी पाणी न घालता. तुम्ही हात आत घातलात तसा मनगटावर काट्यांचा ओरखडा उठला, आणि मूठभर वाळक्या लेंड्या बाहेर काढल्यात. दुपारी मेंढरं याच जाळीच्या सावलीला बसायची. त्यांनी खाल्लेल्या शेंगांचं बी लेंडीतून पडलं होतं, लिंबोळ्या पाखरांनी टाकल्या होत्या. मी म्हणाले, ‘आबा, हे कुनी लावलं न्हाई, आपसूक आलंय.’ तुम्ही लेंड्या बोटांनी फोडत होता. ‘न्हाई,’ तुम्ही म्हणालात, ‘तात्यानं लावलंय. आनि मी त्यालाच आडवाय कुंपन घातलं.’ उन्हं चढेपर्यंत आपण दोघं तिथं बसून होतो.

तात्या कोकणातून परत आले त्याच आठवड्यात आपण त्यांच्या वाड्यावर गेलो. मला का बरोबर घेतलंत ते कळलं नाही. कदाचित एकट्यानं पाय उचलत नसेल. उरलेला निम्मा कळप वाघरीत, दोरीच्या जाळीच्या कुंपणात, होता. तात्यांनी बसा म्हटलं नाही. तुम्ही डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलीत. मी तुम्हाला उघड्या डोक्यानं कुणापुढं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

‘चुकलं माजं, तात्या,’ तुम्ही म्हणालात.

‘कशातलं? मेंढरं विकाय लावलीस त्यातलं, का चोर म्हनलास त्यातलं?’

‘दोनी.’

तात्या वाघरीची दोरी आवळत राहिले. ‘बरं. आनि?’

‘टेकडीवर मेंढरं बसवाय पायजेत. पाऊस पडायच्या आदी. वरनं खाली, रोज जागा बदलून. हिवराच्या, बाभळीच्या शेंगा चारून.’

तेव्हा तात्या पहिल्यांदा वळून तुमच्याकडं बघायला लागले. ‘काय मानूस हायस रं तू. झाडांपायी माजी मेंढरं घालवलीस. आता म्हंतुयास, झाडांसाटनं मेंढरंच आन.’ त्यांचा आवाज चढला नव्हता, पण हात थांबला होता. ‘निम्मी तर राहिल्याती. ती बी दे म्हंतुयास?’

‘देऊ नगंस. बसव म्हंतुया.’

तात्यांनी आत बघून चहा सांगितला. मेंढीच्या दुधाचा चहा, वास मारणारा. तुम्ही कपातला थेंबही ठेवला नाहीत. परतताना वाटेत तुम्ही टोपी हातातच धरली होती. मी म्हणाले, आबा, ऊन लागतंय. तुम्ही म्हणालात, लागू दे.

चार-पाच दिवस काही हालचाल नाही. आणि मग एका संध्याकाळी टेकडीच्या माथ्यावर मेंढरांचा आवाज आला. आई भांडी घासत होती. राखेचा हात तसाच ठेवून ती अंगणात गेली आणि पदरानं डोळे पुसत राहिली. तोंडाला राख लागली तरी तिला पत्ता नव्हता.

नंतर तुम्ही जो आराखडा केलात, तो तुम्ही एकट्यानं केला नाहीत. आधी टेकडी कुणाला कवा लागते, ते घरोघर विचारून घेतलं. सरपणाला कोण जातं, गवताला कोण जातं, कळप कुठल्या वाटेनं चढतो, ते सगळं. मग पूर्वेची बाजू कळपाला मोकळी ठेवली आणि बाकीची पावसाळाभर बंद. तिथं जनावर नाही, पण विळा चालेल. ती बाजू सावरली की मग पूर्वेची पाळी. बोराटीच्या बुंध्यातनं नवीन धुमारे फुटायला लागले होते, त्यांना हात लावायचा नाही. पाणी अडवायला चर खणायचे ठरले, आणि चर टेकडीला आडवे, एका पातळीत पाहिजेत, म्हणजे टेकडी जशी वळेल तसे वळत जाणारे. तेव्हा तुम्ही जुन्या बाजल्याच्या दोन लांब दांड्या वरच्या टोकाला एकमेकींना टेकवून खिळ्यानं ठोकल्यात, मधे आडवी पट्टी मारलीत, वरनं दोरीला दगड बांधून ओळंबा सोडलात आणि ते तिकाटणं माझ्या हातात दिलंत. ‘दगड मधोमध आला की दोनी पाय एका पातळीत. खूण कर, पुढं जा.’ मी खुणा करत गेले. मागं वळून बघितलं तर रेघ सापासारखी वाकडी. मी भीतभीत तुमच्याकडं बघितलं. ‘आसूं दे,’ तुम्ही म्हणालात. ‘टेकडी वाकडी हाय. तिला काय करनार.’ ते तिकाटणं तुम्ही मला देऊनच टाकलंत. माझ्या लग्नात ते रुखवताशेजारी उभं होतं, पाहुण्यांना कळेना हे काय. त्याचा एक पाय मी पुढं बदलून घेतला. बाकी तुमचंच आहे.

तुम्ही गेलात तेव्हा टेकडीवर गुडघ्याएवढी काटेरी खुरटी झाडं होती, बस. दुरून बघितलं तर काहीच नाही. साताऱ्याच्या दवाखान्यातून तुम्हाला आणलं त्या दिवशी सांत्वनाला आलेला एक पाहुणा अंगणात बसून म्हणाला, ‘सुभेदारांनी लय मेहनत घेतली, पन एक झाड जगलं न्हाई.’ मला त्याला उठवून लावावंसं वाटलं. तो खोटं बोलत नव्हता, त्यानं फक्त लावलेली झाडं मोजली होती. माणसं अजून तशीच मोजतात, आबा. मी ज्या बैठकांना बसते तिथं सगळे लावलेल्या झाडांचं बोलतात. पुढच्या उन्हाळ्याचं कुणी बोलत नाही. मी विचारते, तेव्हा कुणीतरी पुढचा कागद उघडतं. तात्या तेव्हा कोकणात होते, त्यांना मातीला येता आलं नाही. ज्येष्ठात परतले ते आपल्या घरी आले नाहीत. मला वाईट वाटलं होतं, राग पण आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आले, दाराशी काठी टेकवली, आणि आईला म्हणाले, ‘वयनी, मेंढरं वर बसवून आलो. मग म्हनलं, आता जावं.’

आज वर लिंबाखाली उभं राहिलं की खालचं गाव दिसत नाही. फार मोठं जंगल नाही ते. हिवर, बाभूळ, बोर, मधूनच लिंब, उन्हाळ्यात कुणालाही पडीकच वाटेल असं. म्हणून तर ते नकाशावर पिवळं झालं. मी तो पिवळा रंग खोडला आणि लिहिलं, इथं काहीही लावायचं नाही, काहीही तोडायचं नाही. बाकीच्या गावांसाठी लिहिलं की पहिलं वर्ष फक्त विचारायचं. कुणाचा कळप कवा कुठं असतो ते गावात बसून समजून घ्यायचं, मग कुठली बाजू कधी बंद करायची ते ठरवायचं, आणि रोप शेवटी, तेही जिथं आपसूक काही येत नाही तिथंच. चकचकीत बुटांच्या पोरानं ते सगळं नीट वाचलं. मग अगदी अदबीनं विचारलं, ‘मॅडम, पण पहिल्या वर्षी फोटो कशाचा काढायचा?’ मी म्हणाले, मेंढरांचा काढा. त्याला कळेना हसावं का नाही. वाईट पोरगा नाही तो. मी त्याला टेकडीवर घेऊन गेले, म्हसोबाच्या बोराटीत डोकं घालायला लावलं. शर्ट फाटला त्याचा.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणूनच एक लिहून टाकते. उभा जन्म मी लोकांना सांगत आले की सरळ रांगा टेकडीला मानवत नाहीत. पण चुना फासलेले ते दगड ज्या दिवशी पहिल्यांदा सकाळच्या उन्हात चमकले, तेव्हा मी खालून बघत होते, तुमच्यावर रागावलेली, आणि मला वाटलं होतं की एवढं देखणं मी काहीच पाहिलं नाही. तुम्हाला ते सांगायचं राहिलं. परवा आराखड्यात मी एक रांग ठेवली. टेकडीवर नाही, पायथ्याला, गावात येणाऱ्या वाटेच्या कडेनं, हापशाच्या पाण्याजवळ, लिंबाची. कंपनीच्या लोकांना सांगितलं, तुमच्या फोटोसाठी. काल खुणा केल्या. प्रत्येक खुणेपाशी चुन्याचा दगड ठेवला. दोरीचं एक टोक त्या पोराकडं दिलं, दुसरं मी धरलं.

ढिली सोडली नाही, आबा.